बॉयाच्या गाडीतला हिरवा कोट

गिझी गाडीत कधीच इंजिनाकडे तोंड करून बसत नाही. सगळी दुनिया धडपडून पुढच्या दिशेची जागा पकडते आणि ही बाई मुद्दाम उलटी बसते. उभा जन्म तिने आमच्या सेगेद शहरात ट्राम चालवली. तारयान ते केचकेश, केचकेश ते तारयान, या टोकाच्या थांब्यापासून त्या टोकाच्या. "समोरचं बघून बघून डोळे विटले गं माझे," ती म्हणते, "आता मागे काय काय राहिलं ते निवांत बघू दे." बसते उलटी, पण तिचा उजवा पाय अजून नोकरीतच आहे. रुळाजवळ सायकलवाला दिसला की तो पाय फरशीवर धाडकन आपटतो, कारण ट्रामची घंटा पायाने वाजवायची असते. गाडीतला सायकलवाला तिला दिसतो तेव्हा तो मागे पडलेला असतो, पण पायाला ते कोण सांगणार? शेजारचा पेंगणारा माणूस ताडकन जागा होतो. मी आणि इल्का आता दचकत नाही.

आम्ही तिघी. गिझी, तिच्या शेजारच्या घरातली इल्का, आणि मी एतुश. इल्काने इस्पितळाच्या धुलाईखान्यात आयुष्य काढलं, त्यामुळे न धुतलेली वस्तू तिच्या डोळ्यांत सलते. तिला दुसऱ्याच्या घरात एकटं सोडलं तर परत येईपर्यंत पडदे उतरवलेले असतात. मी न्हाव्याच्या दुकानात, पुरुषांच्या बाजूला कात्री चालवली. माणसाचं तोंड खोटं बोलतं, मान बोलत नाही, एवढं एक ज्ञान मी तिथून घेऊन बाहेर पडले.

पासष्टी ओलांडली की आमच्या देशात रेल्वे तिकीट मागत नाही, आणि तेव्हापासून आम्ही दोघी घरी सापडत नाही. गिझी आमच्यात धाकटी. ती बिचारी आतापर्यंत तिकीट काढून आमच्यासोबत हिंडत होती. गेल्या हिवाळ्यात आम्ही पेचहून बॉयामार्गे परतत होतो, तेव्हा बॉयाला एक उंच माणूस मशरूमची टोपली घेऊन चढला आणि गिझीच्या समोर बसला. हिरवा जाड लोकरी कोट, धुराचा वास, आणि स्वच्छ, सरळ मान. हा आम्ब्रुश. बॉयाजवळच्या गेमेन्तच्या जंगलात रखवालदार होता, आता निवृत्त, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

त्याला उतरायचं होतं यानोशहाल्माला. तो पार हालाशपर्यंत आला. कारण गिझी त्याला तिच्या नवऱ्याची गोष्ट सांगत होती, आणि ती गोष्ट अर्धवट सोडून कुणालाच उतरता येत नाही. एके दिवशी गिझी ट्राम घेऊन चौकात वळते, तर समोर रुळांवरून तिचाच नवरा दुसऱ्याच बाईच्या कमरेत हात घालून चाललेला. गिझीने पाय घंटेवर ठेवला तो उचललाच नाही. दोघं उडी मारून बाजूला झाली. ट्राम वेळेवर केचकेशला पोचली. संध्याकाळी गिझीने नवऱ्याचा कोट ओसरीवर, रस्त्यावरून दिसेल असा टांगला आणि दाराला आतून कडी घातली.

"मी भांडत बसत नाही," ती आम्ब्रुशला म्हणाली. "कोट बाहेर टांगते."

आम्ब्रुश पोट धरून हसला होता. तेव्हा.

मग फोन सुरू झाले. मग मे महिन्यात गिझेला नावाचा दिवस आला (आमच्या कॅलेंडरात प्रत्येक नावाला एक दिवस असतो), आणि गिझीच्या नामदिनाला आम्ब्रुश सेगेदला हजर. बहिणीकडे उतरला. रात्री गिझीच्या घरी आम्ही सगळ्यांनी इतकं खाल्लं आणि इतकं गायलं, की शेजारचा कुत्रा सूर लावून थकला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफी प्यायला तो परत आला. ऊन लख्ख पडलं होतं. निघताना म्हणाला, "कोट राहू दे इथेच. संध्याकाळी गाडीच्या आधी चक्कर टाकतो."

गिझीने बाजारातून मासे आणले, आमच्या सेगेदच्या पद्धतीने कांद्यात शिजवून, गाळून लालभडक रस्सा केला, टेबलावर चांगला कपडा घातला, आणि बसली. तो आलाच नाही. दुसऱ्या दिवशी हिने फोन केला, तर म्हणाला, "कळलं मला, गिझेलाबाई. राग नाही." आणि ठेवून दिला.

पुढचे कित्येक आठवडे गिझी उकळत होती. आधी रडली, मग त्याला शिव्या घातल्या, मग मशरूमना घातल्या. शेवटी जूनमध्ये तिने त्याला निरोप धाडला: शनिवारी बॉयाच्या गाडीने येतेय, स्टेशनवर या, आपला कोट न्या, मी घरी येणार नाही. त्याचं उत्तर एवढंच आलं: येतो.

तर शनिवारी सकाळी आम्ही तिघी सेगेदच्या स्टेशनवर. उन्हाने रूळ तापलेले, आणि गिझीच्या हातावर तो जाड हिरवा कोट. इल्काने तळलेल्या कोंबडीच्या तंगड्या, पोगाचे म्हणजे आमचे छोटे खारे पाव, आणि उन्हात मुरवलेल्या काकड्यांची बरणी घेतली होती. मी पालिंका, म्हणजे जर्दाळूची कडक दारू, घेतली होती, कारण अशा प्रसंगी कुणीतरी विचार करायला हवा.

"पहिल्यांदा फुकट चाललेयस," मी गिझीला म्हटलं. "तोंड जरा हसरं कर."

तेवढ्यावर खरंच तिचा चेहरा उजळला. पासष्टीचं हे तिचं पहिलं मोफत फिरणं. तिने ओळखपत्र हातातच धरलं होतं. टीसी आला, पोरगेलासा, घामाघूम. त्याने आमच्याकडे एक नजर टाकली, "बसा बसा, मावशी," म्हणाला आणि पुढे गेला.

गिझीचा हात तसाच हवेत. "विचारलंसुद्धा नाही!"

"अगं, चांगलंच आहे की," इल्का म्हणाली.

"काय चांगलं? एका नजरेत कळतं का माझं वय? ए पोरा! इकडे ये! कार्ड बघ माझं!"

"नको, मावशी, विश्वास आहे माझा."

"विश्वास आहे म्हणे!" गिझी माझ्याकडे वळली. "केस रंगवू का गं?"

तंगड्या गाडी हलायच्या आधीच उघडल्या. स्टेशन सुटेपर्यंत थांबणारा माणूस मी आमच्याकडे पाहिलेला नाही. कोट खिडकीच्या हुकाला अडकवला होता आणि गाडीबरोबर डुलत होता. गिझी चावता चावता त्याच्याशीच भांडत होती. "राग नाही म्हणे. याला राग नाही! राग कुणाला यायला पाहिजे? रस्सा कुणी केला होता?"

आम्हाला गाडी बदलायची होती फेलेजहाझाला, आणि काकडीची बरणी त्याच्या जरा अलीकडे सांडली. लसूण आणि शेपूचं पाणी सीटखालून वाहत गेलं, समोरच्या शिष्ट बाईने बूट वर उचलले. इल्का रुमाल काढून डबाच पुसायला लागली. गाडी थांबली तेव्हा ती अजून गुडघ्यांवर होती. आम्ही तिला काखोटीला धरून उतरवलं, बरणी, पिशव्या, सगळं घेतलं, आणि शिट्टी वाजल्यावर गिझी किंचाळली, "कोट!"

कोट खिडकीत, हुकावर. गाडी बुडापेश्तला निघायच्या बेतात.

"जाऊ दे," गिझी म्हणाली. "जाऊ दे त्याला राजधानीला! मला काय त्याचं?" हे म्हणेपर्यंत ती धावायलाही लागली होती. पासष्ट वर्षांची बाई इतक्या जोरात धावताना मी पाहिली नव्हती. तिने दाराचा दांडा धरून आत तोंड घातलं आणि ट्रामच्या जुन्या आवाजात ओरडली, "दार लावायचं नाही! मी चालक आहे!" कशाची, ते कुणी विचारलं नाही. तोच पोरगा टीसी कोट छातीशी धरून धावत आला.

"मावशी, आता मात्र पासष्टच्या वाटत नाहीत," तो म्हणाला. गिझीने त्याच्या गालाचा मुका घेतला. कोट घट्ट कवटाळून आली आणि आमच्या नजरा दिसल्यावर म्हणाली, "काय बघताय? दुसऱ्याची वस्तू आहे. जबाबदारी असते."

हालाशला जाणारी गाडी म्हणजे एकच लाल डबा. खिडक्या उघड्या, आत भट्टी. आमच्यासमोर एक म्हातारा आंबट चेरींची बादली मांडीवर घेऊन बसला होता. इल्काने कोट नाकाला लावला आणि नाक मुरडलं.

"अजून धुराचा वास आहेच बघ. एवढा मी व्हिनेगरने पुसला, दिवसभर उन्हात ठेवला, तरी मेला जात नाही."

"कधी पुसलास?" गिझी म्हणाली.

"त्याच दिवशी. तू माशांना गेलीस तेव्हा. मी भांडी घासायला आले ना, तर खुंटीवर हा. घरभर वास."

"उन्हात म्हणजे परसात ना?"

"परसात दुपारनंतर कुठलं ऊन? पुढे, ओसरीवर टांगला. छान वारा होता. दिवेलागणीला आत आणून पुन्हा खुंटीला लावला, तुला कळलंसुद्धा नाही." इल्काला कौतुकाची अपेक्षा होती.

कौतुक कुणीच केलं नाही. गिझी स्वयंपाकघरात, घराच्या मागच्या बाजूला, मासे गाळत होती. आणि पुढे रस्त्यावरून दिसेल असा कोट. आमच्या आज्यांच्या काळात पोराला एखादी आवडली की तो तिच्या घरी जायचा आणि निघताना आपला मोठा कोट तिथे 'विसरून' यायचा. कोट घरातच राहिला तर होकार. ओसरीवर टांगलेला दिसला की मुकाट उचलायचा आणि चालू पडायचं. आता तसं कुणी करत नाही, पण हे माहीत नाही असाही कुणी नाही. आणि हा तर जंगलात राहिलेला जुना माणूस. त्यातून गिझीने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं: भांडत बसत नाही, कोट बाहेर टांगते.

"कोट राहू दे इथेच, म्हणाला होता," गिझी हळू म्हणाली. "संध्याकाळी बघतो म्हणाला. आणि मी बाई त्याला म्हटलं, हो, ठेवा की, खुंटी रिकामीच आहे."

"म्हणजे त्याने विचारलं होतं!" मी ओरडले.

"आणि मी..." इल्काने तोंडावर दोन्ही हात घेतले. "अगं बाई! मीच त्याला नकार दिला!"

"तू माझं लग्न धुऊन वाळत घातलंस, इल्का!"

मला हसू फुटलं. आवरेचना. गिझी रडत होती, इल्का रडत होती, मी हसत होते, आणि थोड्या वेळाने कोण काय करतंय ते कळेनासं झालं. चेरीवाला म्हातारा बादली सावरून पुढे वाकला. "कोट बाहेर टांगला होता? मग संपलं की हो, ताई."

"तुम्हाला कुणी विचारलं?" मी म्हटलं.

"आणि आता परत द्यायला निघालात?" त्याने मान हलवली. "म्हणजे दुसऱ्यांदा नकार. ते पण हातात देऊन."

हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. गिझीने कोट मांडीवरून ढकलला, मग पुन्हा ओढून घेतला. एवढ्यात डब्याला काम मिळालं. मागची एक बाई म्हणाली, हालाशला उतरून घरी परत जा, कोट खुंटीला लावा आणि मग त्याला बोलवा. म्हातारा म्हणाला, खिडकीतून टाका, हरवला सांगा. इल्का म्हणाली, मी गुडघे टेकून माफी मागते. फोन लावला तर वाजत राहिला, कारण आम्ब्रुशचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर राहतो आणि आम्ब्रुश स्टेशनवर निघालेला.

या गोंधळात टीसी बाई आली, वेणी घातलेली तरणी पोर. मी म्हटलं, आम्ही तिघी पासष्टच्या पुढच्या. तिने गिझीचं रडकं, लाल तोंड पाहिलं.

"पासष्ट? खरंच? कार्ड दाखवा बरं."

गिझीने ओळखपत्र काढलं. आसवं गळत असताना ती इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नाही. "बघ, बघ नीट. तारीख वाच मोठ्याने." पोरीने वाचली. डब्याने टाळ्या वाजवल्या. म्हाताऱ्याने सगळ्यांना मूठ मूठ चेरी दिल्या, मी पालिंका फिरवली, आणि हालाश आलं तेव्हा तो लाल डबा नामदिनापेक्षा जास्त गात होता.

हालाशहून बॉयाच्या गाडीत मात्र आम्ही तिघीच उरलो आणि गाणं ओसरलं. सूर्यफुलं मागे पळत होती. गिझी उलटी बसली होती, कोट मांडीवर.

"परत फिरू या का?" ती म्हणाली.

"का म्हणून?" मी म्हटलं.

"तो स्टेशनवर कोट घ्यायला येणार. मी बोलायला तोंड उघडेपर्यंत तो हात पुढे करील. तो तसाच आहे. मुकाट घेईल आणि जाईल." तिने खिडकीबाहेर पाहिलं. "मला तो हवाय गं, एतुश. मला वाटलं होतं हे सगळं संपलं माझ्या बाबतीत. नाही संपलं. आता काय करू?"

इल्काने हुंदका दिला. मी तिला पालिंका दिली. यानोशहाल्मा आलं आणि गेलं, जिथे तो हिवाळ्यात उतरलाच नव्हता. गिझी त्या स्टेशनाकडे ते दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग उठली आणि आयुष्यात पहिल्यांदा जागा बदलून इंजिनाकडे तोंड करून बसली. मी आणि इल्का एकमेकींकडे बघतच राहिलो.

बॉया आलं. खिडकीतून मला तो आधी दिसला. प्लॅटफॉर्मच्या टोकाला, पांढरा शर्ट, हातात घडी घातलेली कापडी पिशवी, कोट न्यायला आणलेली. आमच्याकडे पाठ होती, म्हणून मला मान दिसली. ताजी भादरलेली. खाली वस्तऱ्याने सरळ रेघ काढलेली, कानामागे पावडर.

"गिझी," मी म्हटलं, "कोट परत घ्यायला येणारा माणूस मान भादरून येत नाही."

वळून पाहिलं, तर गिझी कोटाच्या बाहीत हात घालत होती. त्या उन्हात! बाह्या बोटांच्या पार खाली लोंबत होत्या, खालचं टोक पोटऱ्यांपर्यंत. तिने सगळी बटणं लावली, अगदी गळ्याचंसुद्धा. इल्का म्हणाली, "अगं, भोवळ येईल," आणि मी इल्काचं तोंड दाबलं.

गिझी उतरली. प्लॅटफॉर्मवरची माणसं वळून वळून बघायला लागली. आम्ब्रुशही वळला. पिशवी उघडायला लागलेले त्याचे हात तसेच राहिले.

"गिझेलाबाई," तो म्हणाला, "उकडत नाही का?"

"मरणाचं उकडतंय."

"मग काढा."

"नाही काढणार. हा एकदा माझ्या नकळत बाहेर गेला. आता जिथे मी, तिथेच हा, आत."

"मी टांगला होता!" इल्का मागून ओरडली. "व्हिनेगरने पुसला हो! वास येत होता! तिला काही माहीत नव्हतं!"

आम्ब्रुशने इल्काकडे पाहिलं, मग बाकावर बसला. "मी कोपऱ्यावरून पाहिला," तो म्हणाला. "हातात फुलं होती. पियोनी. मग ती मी ट्रामच्या थांब्यावर ठेवली आणि गाडी पकडली."

"कुठल्या थांब्यावर?" गिझीने विचारलं.

एवढं सगळं सोडून तिला तेच विचारायचं होतं. आम्ब्रुश हसायला लागला. आधी खांदे हलले, मग सगळा माणूस हलला, आणि हसता हसता त्याने तोंड पुसलं.

"दाखवतो," तो म्हणाला. "येतो तुमच्या गाडीने सेगेदला. पण आधी घरी चला. रस्सा चुलीवर ठेवून आलोय."

"शेवया घालून?" गिझीने संशयाने विचारलं. बॉयाचे लोक माशांच्या रश्शात शेवया घालतात, आणि सेगेदच्या माणसाला त्यापेक्षा भयंकर काही वाटत नाही.

"घालून."

गिझीने डोळे मिटले, मोठा श्वास घेतला. "खाईन," ती म्हणाली. यावरून मी समजले की प्रकरण पक्कं आहे.

त्याने रिकामी पिशवी खिशात कोंबली आणि तिच्या लोंबत्या बाहीतून हात शोधून काढला. आम्ही स्टेशनाबाहेर पडलो, तर एक पोरगी सायकलवरून सुसाट समोरून आली. गिझीचा पाय धाडकन आपटला. आम्ब्रुश दचकून हातभर उडाला. मी आणि इल्का नाही दचकलो. त्यालाही होईल सवय.